तेरावा कप्पा

१

साळूबाईने ओला कागद उलगडला आणि मोजायला सुरुवात केली. शंभर दाण्यांत सात उगवले होते.

"मोजण्यात चुकलं आसंल," ती म्हणाली आणि दुसरी गुंडाळी उलगडली. तिच्यात नऊ. तिसरीत पाच. चौथी तिने हातात घेतली, पण उलगडली नाही.

"तातेराव भाऊ, हे बी मेलंय. भाजलंय हे."

सतरा नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याण्णवचा तो दिवस. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी ड्रायर चालवायचो. ड्रायर म्हणजे एक लांब शेड आणि तिच्यात बारा कप्पे. कप्प्यात मक्याची कणसं भरायची आणि खालून गरम हवा सोडायची. चार दिवसांत दाणा वाळतो. हवा बेचाळीस डिग्रीच्या वर गेली तर दाण्यातला कोंब मरतो. बाहेरून दाणा तसाच दिसतो, म्हणून साळूबाई प्रत्येक कप्प्यातले चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून सात दिवस ठेवायची आणि मोजायची. तेच तिचं काम.

हे दाणे सातव्या कप्प्यातले होते. ते बी विकायचं नव्हतं. ते मूळ बी होतं. त्याच्यापासून पुढच्या वर्षी टेंभुर्णीकडच्या शेतांत विकायचं बी तयार होणार होतं. ते एका कप्प्यात मावेल एवढंच होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर रामराव साहेबांनी मला बोलावून एक छापील कागद पुढे ठेवला. कागदावर दोन चौकटी होत्या. पहिलीत लिहिलं होतं, ड्रायर ऑपरेटरचा निष्काळजीपणा. त्या पाळीचा ऑपरेटर मी होतो. दुसरीत लिहिलं होतं, कॉम्प्युटर प्रोग्राममधला मूळ दोष.

कप्प्यांची हवा सांभाळणारा तो प्रोग्राम बेबीनंदाने लिहिला होता. बेबीनंदा माझी बायको. जूनमध्ये ती काविळीने वारली.

"शनिवारी पाच वाजेपर्यंत," साहेब म्हणाले, "एका चौकटीत तुमची सही पायजे."

२

रामराव साहेब माणूस वाईट नव्हता. कागद पूर्ण झाला पाहिजे, एवढंच त्यांना हवं असायचं. रजिस्टरच्या बाबतीत तर फार कडक. ऑक्टोबरमध्येच एका ओळीवरून त्यांनी मला चारचौघांत झापलं होतं आणि मी ती ओळ बंद करून घेतली होती.

त्यांनी माझं रजिस्टर उघडलं.

"आठ तारीख. सातवा कप्पा. सकाळी सहा, अडतीस. आठ वाजता अडतीस. दहा, बारा, दोन. सगळं अडतीस. नऊ तारखेलाबी तेच. हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"हातातला थर्मामीटर लावून लिहिलं का?"

"न्हाई साहेब. स्क्रीनवरचं बघून लिहिलं."

नियम असा होता की दर दोन तासांनी प्रत्येक कप्प्याला हातातला थर्मामीटर लावायचा. कॉम्प्युटर आल्यापासून तिन्ही पाळ्यांत कोणीही तो लावत नव्हतं. साहेबांनाही ते माहीत होतं. पण माहीत असणं आणि कागदावर असणं यात फरक असतो.

"मंग पहिल्या चौकटीत करा सही."

मी कागदाला हात लावला नाही.

"न्हाईतर दुसऱ्या चौकटीत करा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तुमचं भलं सांगून राह्यलो, तातेराव. तुम्ही जित्ते हायात. तुम्हाला अजून बारा-चौदा वर्षं नोकरी करायचीय. बाई तर गेल्या. त्यांना आता काय फरक पडतो?"

मला पडत होता. धावड्यासारख्या लहान गावातून ती पहिली मुलगी डिप्लोमा करायला बाहेर पडली होती. तिच्या आईने, द्वारकाबाईने, तिचं नाव छापलेलं कंपनीचं पत्र भिंतीवर लावलं होतं. कंपनीत तिची आता एकच गोष्ट उरली होती, तो प्रोग्राम. मी दुसऱ्या चौकटीत सही केली असती तर तो तिच्या चुकीचा पुरावा झाला असता, आणि सही नवऱ्याची.

मी रजिस्टर परत मागून घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. इतर कप्प्यांचे आकडे हलत होते. सदतीस, एकोणचाळीस, चाळीस, परत एकोणचाळीस. हवा अशीच असते. सातवा मात्र दोन दिवस अडतीसवरून हलला नव्हता. लिहिताना माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. आलं पाहिजे होतं.

मी शेडमध्ये गेलो आणि सातव्या कप्प्याच्या मागे वाकून बघितलं. सेन्सरची वायर उंदराने कुरतडून तोडली होती. तुटलेली टोकं काळी पडली होती, म्हणजे तोडून बरेच दिवस झाले होते.

वायर तुटली म्हणजे सेन्सर मुका. मग स्क्रीनवर अडतीस आले कुठून?

३

कॉम्प्युटरच्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती पत्रा मारून बंद केली होती, धूळ येऊ नये म्हणून. चपला बाहेर काढून आत जायचं आणि दार लगेच लावून घ्यायचं. बेबीनंदा सहा वर्षं त्या खोलीत बसली. मी तिला डबा द्यायला जायचो तेव्हा दोन मिनिटांत माझा जीव गुदमरायचा.

आत दोघे होते. भुजंग हा विभागाचा प्रमुख, औरंगाबादचा. आणि संपत हा तिच्या जागेवर जुलैमध्ये आलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कमी बोलणारा. भिंतीवरच्या फळ्यावर भुजंगच्या अक्षरात एक ओळ होती. "नल तपासणी बोलावणाऱ्याने करावी."

त्या ओळीचा अर्थ मला बेबीनंदामुळे थोडा कळत होता. प्रोग्राम म्हणजे फंक्शन नावाचे छोटे तुकडे; एक तुकडा दुसऱ्याला बोलावतो आणि काम देताना पॉइंटर देतो. कॉम्प्युटरच्या सी भाषेत पॉइंटर म्हणजे पत्ता. माहिती कोणत्या जागी ठेवली आहे त्या जागेचा नंबर. नल म्हणजे पत्ताच नाही. पोस्टमनला पत्ता नसलेलं पाकीट दिलं तर काय होणार, तसं. म्हणून जायच्या आधी पत्ता आहे की नाही हे तपासावं लागतं. ते कोणी तपासायचं यावरून तिचा आणि भुजंगचा दोन वर्षं वाद चालला. मी डबा घेऊन उभा असायचो आणि ऐकायचो.

भुजंग म्हणायचा, "मॅडम, टुरिंग टॉकीजला दारावर एकदा तिकीट बघतात. आत प्रत्येक माणसाजवळ जाऊन परत तिकीट मागतात का? तुमच्या प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर तीच ती ओळ. वाचणाऱ्याला वीट येतो."

"आन् दारावरचा चहा प्यायला गेला तर?"

"तर त्याला कामावरून काढा."

"काढा की. आत घुसलेला तर आतच राह्यला."

भुजंगचं म्हणणं, बोलावणाऱ्याने, म्हणजे ज्याने पत्ता पाठवायचा त्याने, तपासूनच पाठवावा. तिचं म्हणणं, ज्याच्या हातात पडतो त्याने बघून घ्यावा, देणाऱ्याच्या भरवशावर राहू नये. ती वारल्यावर भुजंगने फळ्यावर आपला नियम लिहिला.

"अडतीस कुठून आले?" मी विचारलं.

भुजंगला ते आधीच सापडलं होतं. "सातव्याचा सेन्सर बंद पडला. बंद सेन्सरचा कप्पा प्रोग्राम धरत नाही. प्रोग्रामने सातव्याचा पत्ता शोधला, तो सापडला नाही, हातात नल आलं. ते न तपासता प्रोग्राम पुढे गेला. आपलं हे मशीन डॉसवर चालतं, ते अशा वेळी बंद पडत नाही, तातेराव. शून्य नंबरच्या जागेवर जे पडलेलं असेल ते उचलून आणतं. तिथे अडतीस पडलेलं होतं. दर वेळी तेच. अडतीस म्हणजे हवा कमी गरम आहे असं समजून प्रोग्रामने गरम हवेची झडप पूर्ण उघडी ठेवली."

"मंग ते तुमच्या नियमामुळं झालं. तुम्ही तिची तपासणी काढली."

"मी काढली नाही." त्याने कपाटातून जुन्या छापील कागदांचा गठ्ठा काढला आणि एक पान माझ्यासमोर धरलं. "माझा नियम नवीन कामासाठी आहे. त्यांच्या जुन्या फंक्शनला मी हात लावलेला नाही. हे फेब्रुवारीतलं पान आहे. त्यांचीच सही, त्यांचीच तारीख. बघा, तपासणी कुठे आहे?"

मला सी येत नाही. पण तिची ती पहिली ओळ मी ओळखत होतो. भुजंगने गठ्ठा चाळून दाखवला. चाळीस फंक्शन, चाळिसांच्या डोक्यावर ती ओळ. एक्केचाळिसाव्याच्या डोक्यावर काही नव्हतं. तेच कप्प्याचं तापमान वाचणारं फंक्शन होतं.

"माणूस विसरतो," भुजंग म्हणाला. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

४

घरी गेलो. कंपनीच्या आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं.

चहाला साखर संपली होती. बेबीनंदा असताना चहा गुळाचाही व्हायचा म्हणून मी फळीवरचा गुळाचा डबा काढला. पाच महिन्यांत मी तो उघडला नव्हता. आत गूळ नव्हता. एक चिंचोका होता.

मी खाली बसलो. ही तिची सवय. डबा रिकामा झाला की ती तो तसाच झाकून ठेवायची नाही, आत एक चिंचोका टाकायची. तिच्या आईकडेही तसंच. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला? ती म्हणाली, "अवं, रिकाम्या डब्यात हात घातला तर माणसाला कळत न्हाई, संपलं का आपलाच हात पोचला न्हाई. चिंचोका लागला की कळतं. आणायचं हाय."

तेव्हा मला दुसरी एक गोष्ट आठवली. जानेवारीत ती भाकरी थापत होती आणि भुजंगच्या वादाबद्दल बोलत होती. बोलता बोलता थांबली. म्हणाली, "आम्हा दोघांचंबी चुकून राह्यलं. देणाऱ्यानं बघावं का घेणाऱ्यानं, हा वाद कव्हा? हातात रिकामं येत आसंल तव्हा. रिकामं देयाचंच न्हाई, असं केलं तर?" मला काही समजलं नाही. मी भाकरी मागितली.

डबा जागेवर ठेवायला उठलो. फळीवर तिने कॉम्प्युटरचा जुना कागद अंथरला होता, कडेला भोकं असलेला. रोज सकाळी छापून निघायचा तो तापमानाचा रिपोर्ट. मी डबे बाजूला करून तो वाचला. तारीख मार्चमधली होती. कप्पा एक, कप्पा दोन, असं बारापर्यंत. त्याखाली अजून एक ओळ.

कप्पा तेरा. तापमान नव्व्याण्णव.

ती ओळ मी शेकडो वेळा बघितली होती. पुढे कागदावर ती छापायची बंद झाली. ती असली काय आणि नसली काय, असंच मी धरून चाललो होतो. आमच्या शेडमध्ये कप्पे बाराच आहेत. तेरावा कधी नव्हताच. आणि नव्व्याण्णव डिग्री हवा आमच्या भट्टीतून निघूच शकत नाही.

तो चिंचोका होता.

न सापडलेल्या कप्प्याच्या बदल्यात तिचा प्रोग्राम नल देतच नव्हता. तेराव्याचा पत्ता देत होता. तिथे नव्व्याण्णव लिहून ठेवलेलं. नव्व्याण्णव दिसले की प्रोग्राम झडप लावणार आणि घंटा वाजवणार. म्हणून त्या एका फंक्शनला तपासणीची ओळ नव्हती. ती विसरली नव्हती. तिथे तिला ती लागतच नव्हती.

पण आठ तारखेला घंटा वाजली नाही. म्हणजे त्या आधीच कोणीतरी प्रोग्राममधून तेरावा कप्पा काढून टाकला होता.

५

दुसऱ्या दिवशी मी भुजंगला एवढंच म्हणालो, "कप्प्यांची यादी दाखवा."

त्याने दाखवली. यादीत बाराच होते. मी त्याला तेराव्याबद्दल सांगितलं. मग त्याने ते जुनं पान परत काढलं आणि बोट ठेवून वाचलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "न सापडलं तर यादीच्या शेवटच्यावर येऊन थांबायचं. शेवटचा तेरावा. तो काढला की यादीच्या बाहेर जाणार. म्हणजे नल. दोन वर्षं माझ्याशी भांडल्या आणि शेवटी तिसरंच करून ठेवलं. मला सांगितलं नाही."

"तुम्ही ऐकलं असतं का?"

"नाही," तो म्हणाला. हा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा बरा वाटला.

"कोणी काढला?"

"मी नाही. मला तर तो कशासाठी होता हेच माहीत नव्हतं. मी त्याला रिपोर्टातला कचरा समजत होतो." त्याने फाइलची तारीख बघितली. "दहा ऑक्टोबर."

मशीनमधली तारीख कोणीही मागेपुढे करू शकतं, एवढं मलाही कळत होतं. म्हणून मी साळूबाईकडे गेलो. ती प्रत्येक नमुन्याची पुडी बांधून वर्षभर ठेवते. पुड्या बांधायला ती आदल्या दिवसाचा रिपोर्ट वापरते, कारण कोरा कागद मागितला की स्टोअरवाला भांडतो.

"ऑक्टोबरच्या पुड्या काढ, साळूबाई."

"साहेबाला इचारलं का?"

"न्हाई."

"मंग जल्दी करा," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही जमिनीवर बसून पुड्या सोडल्या. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं, आणि तिच्याइतकं मोजणारं कंपनीत कोणी नव्हतं. सात ऑक्टोबर, तेरा ओळी. आठ, तेरा. नऊ, तेरा. दहा तारखेच्या सकाळच्या रिपोर्टलाही तेरा. अकरा तारखेच्या रिपोर्टात बारा.

"ह्या कागदात एक कमी हाय," ती म्हणाली. "कोन गेलं?"

भुजंग सहा तारखेपासून चौदा तारखेपर्यंत पुण्याला ट्रेनिंगला गेला होता. त्याच्या नावाचा हजेरीपट मी नंतर बघितला, पण मला गरज नव्हती. मला आठवत होतं. दहा ऑक्टोबरला त्या खोलीत एकटा संपत होता.

आणि दहा ऑक्टोबर ही तारीख मला दुसऱ्याही कारणाने आठवायला लागली होती. मी ते कारण बाजूला सारलं आणि कॉम्प्युटरच्या खोलीकडे निघालो.

६

शुक्रवार होता. भुजंग जेवायला गेला होता. मी चपला काढून आत गेलो आणि दार लावून घेतलं.

संपत उठून उभा राहिला. "बसा, मामा."

"तेरावा कप्पा तू काढला?"

तो बसला. त्याने नाही म्हटलं नाही. "मी काढला."

"का?"

"शेडमधे बारा हायेत. यादीत तेरा. मला वाटलं, कव्हातरी वाढवायचा ईचार आसंल, तसाच राह्यला."

"काढायच्या आधी, तो काढल्यावर काय हुईल हे बघितलं न्हाई?"

त्याने फळ्याकडे बोट केलं. "तिथं लिहिलंय न्हवं. बोलावणाऱ्यानं तपासायचं. मला वाटलं, बोलावणाऱ्याकडं तपासणी आसंलच. नियम हाय म्हणल्यावर आसंलच की. मी नवा माणूस. नियम लिहिलाय पण लावला न्हाई, हे मला कोन सांगणार?"

त्याचं खरं होतं. घेणाऱ्याकडे तपासणी नव्हती, कारण बेबीनंदाने तेरावा ठेवला होता. देणाऱ्याकडे नव्हती, कारण भुजंगचा नियम फळ्यावरच होता. तेरावा गेला आणि मधे कोणीच उरलं नाही.

"पण तुला हे सुचलं कसं? तुला काढायला कोणी सांगितलं?"

त्याने कीबोर्डवर कापड ओढलं.

"सांग, संपत."

"तुम्हीच, मामा."

मी ते ऐकलं आणि मला नवल वाटलं नाही.

"दहा तारखेला तुम्ही आल्ते. तुम्ही म्हणले, ती तेराव्याची ओळ कागदावरून काढून टाक. रामराव साहेबांनी तुम्हाला बोल लावल्ता, रजिस्टरात नोंदी बारा आन् कागदावर तेरा कशा म्हणून. मी म्हणलं, छापायचंच बंद करायचं तर वेळ लागंल. तुम्ही म्हणले, कसंबी कर, उद्या सकाळी ती ओळ मला दिसली न्हाई पायजे. म्हणून मी यादीतूनच काढला. तेवढं सोपं होतं."

मी तसंच म्हणालो होतो. फक्त साहेबांच्या बोलण्यामुळे नाही. ती असताना एकदा मी तिला त्या ओळीबद्दल विचारलं होतं, तर ती हसून म्हणाली होती, "राहू द्या, ती माझी हाय." ती गेल्यावर रोज सकाळी तो कागद माझ्या हातात यायचा आणि खाली ती ओळ असायची. मी बारा ओळी रजिस्टरमध्ये उतरवायचो आणि तेरावीवर हात ठेवायचो. साहेब बोलले हे मला निमित्त मिळालं.

"मामा," संपत म्हणाला, "मी हे कुणाला सांगणार न्हाई. भुजंग सरांना एवढंच माहीत हाय की कोणीतरी काढला. उद्या तुम्ही दुसऱ्या चौकटीत सही करा. तुम्हीबी सुटता, मीबी सुटतो. माझं लग्न ठरलंय."

दार बंद होतं. मला श्वास घ्यायला जड जात होतं, पण दार उघडायला मी उठलो नाही.

७

शनिवारी पावणेपाचला रामराव साहेबांच्या खोलीत चौघे होतो. साहेब, भुजंग, संपत आणि मी. साहेबांनी कागद सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"पहिली का दुसरी?"

मी म्हणालो, "साहेब, आधी सांगतो, मंग लिहितो." आणि सांगितलं. अडतीस कसे आले, तुटलेली वायर, एक्केचाळिसावं फंक्शन, तेरावा कप्पा, साळूबाईच्या पुड्या. पुड्यांचे कागद मी टेबलावर तारखेप्रमाणे लावले. दहाच्या पानावर तेरा, अकराच्या पानावर बारा.

"मंग ह्या संपतनं केलं," साहेब म्हणाले.

संपत भिंतीकडे बघत होता.

"हात संपतचा. सांगणं माझं," मी म्हणालो.

मग भुजंग म्हणाला, "नियम माझा होता. लिहिला आणि पूर्ण लावला नाही. लावायला पंधरा दिवस लागले असते."

"पण चूक एकच पायजे," साहेब म्हणाले. "चौकटी दोनच हायेत."

मी दोन्ही चौकटींवर आडवी रेघ मारली आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. मला लिहायला वेळ लागतो. ते वाट बघत बसले. मी लिहिलं ते असं:

"तेराव्या कप्प्याची ओळ काढायला मी सांगितली. ती काय आहे हे मी विचारलं नाही. संपत यांनी ती नियमावर भरवसा ठेवून प्रोग्राममधून काढली. भुजंग यांचा नियम फळ्यावर होता, प्रोग्राममध्ये नव्हता. मी दोन दिवस हातातला थर्मामीटर लावला नाही. बेबीनंदा यांनी लिहिलेला प्रोग्राम बरोबर होता. तो जसा लिहिला तसा राहिला असता तर आठ तारखेला घंटा वाजली असती."

खाली सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "मी तुम्हाला त्या ओळीवरून बोललो होतो. ते न्हाई लिहिलं."

"रजिस्टर बघणं तुमचं काम होतं, साहेब. ओळ कशाची हाय हे विचारणं माझं होतं. ती घरातच होती. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "चौकटीच्या बाहेर लिहिलेलं वर चालत न्हाई."

"चौकटीत मावत न्हाई."

त्यांनी कागद घेतला आणि तसाच वर पाठवला. महिन्याभराने उत्तर आलं. बेबीनंदाचं नाव त्यात कुठे नव्हतं. माझी बदली गोदामात झाली. संपतला एक ताकीद मिळाली आणि त्याचं लग्न झालं. मूळ बी गेलं ते गेलंच. टेंभुर्णीकडच्या शेतांत यंदा ते काम नाही, दुसरं काहीतरी पेरलं आहे.

मी गूळ आणला. डबा भरताना चिंचोका काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

गोदामातून जेवायच्या सुट्टीत मी कधी कधी कॉम्प्युटरच्या खोलीकडे जातो आणि चपला न काढता दारातूनच विचारतो, तेराव्याचं काय झालं. भुजंग म्हणतो, आता नीट करायचं तर बोलावणाऱ्याच्या बाजूला तपासणी घालू. संपत म्हणतो, मॅडमनी केलं होतं तसं तेरावा परत ठेवू. दोघांचं अजून ठरलेलं नाही. शेडमध्ये बारा कप्पे चालू आहेत. सातव्याला नवीन वायर लावली आहे. तेरावा कप्पा अजून परत बसवलेला नाही.